दुधाच्या दातांची राखण

प्रश्न : आम्ही सांगलीत राहतो. मी आणि माझे पती दोघेही नोकरी करतो, त्यामुळे मुले दिवसभर सासूबाईंकडे असतात. मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. साखर आणि चॉकलेटची पावडर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात असल्याशिवाय तो रात्री झोपत नाही. त्याच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत तपकिरी डाग पडले आहेत. मागच्या महिन्यात खालची दाढ दुखते म्हणून तो दोन रात्री रडला; सासूबाईंनी हिरडीला चिमूटभर मशेरी चोळली आणि दुखणे थांबले. ‘दुधाचेच दात आहेत, पडून नवे येतील,’ असे त्यांचे म्हणणे आहे. दात घासायला घेतले की तो तोंड घट्ट मिटून घेतो आणि शेवटी डॉक्टरांच्या सुईची भीती घालावी लागते. धाकटी मुलगी १४ महिन्यांची आहे, तिला आठ दात आले आहेत आणि ती अंगावर पिते. या वयात दातांची चांगली सवय कशी लावावी? – एक आई, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सवयीविषयी विचारले आहे आणि त्याचे उत्तर मी सविस्तर देणार आहे. परंतु त्याआधी त्या दुखऱ्या दाढेविषयी लिहिणे भाग आहे. दोन रात्री मुलाला रडवणारी दाढ शांत झाली, म्हणजे ती बरी झाली असे समजू नये. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली की ठणका लागतो, आणि ती नस निर्जीव झाली की ठणका थांबतो. संसर्ग मात्र मुळाशी तसाच राहतो आणि पुढे कधीतरी हिरडीवर पुटकुळी किंवा गालावर सूज होऊन वर येतो. तुमच्या मुलाचे असेच झाले आहे की नाही, हे तोंड तपासल्याशिवाय आणि बहुधा एक्स-रे काढल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून या आठवड्यातच त्याला दंतवैद्यांकडे न्यावे, आणि शक्य असेल तर लहान मुलांच्या दातांचे तज्ज्ञ गाठावेत. गाल सुजला, ताप आला किंवा तोंड नीट उघडेनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी न्यावे, रात्र मध्ये जाऊ देऊ नये. तोवर पुन्हा दुखलेच, तर बालरोगतज्ज्ञांनी वजनानुसार ठरवून दिलेले पॅरासिटामॉल द्यावे. दाढेत कुटलेली गोळी भरणे किंवा नुसते लवंगेचे तेल कापसाने लावणे हे दोन्ही टाळावे, कारण त्याने लहान मुलाची हिरडी पोळते आणि तेल पोटात गेल्यास ते विषारी ठरू शकते.

मशेरीबद्दल मी स्पष्ट लिहितो, आणि ते सासूबाईंना दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण त्यांनी जे केले ते नातवाच्या कळवळ्यापोटी आणि आपल्या भागातल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या समजुतीनुसार केले. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. हिरडीवर चोळलेले निकोटिन तिथल्या नाजूक आवरणातून थेट रक्तात उतरते आणि लहान मुलाला त्याची थोडीशी मात्राही बाधू शकते. त्याला मळमळ होते, लाळ गळते, चक्कर येते. दुखणे काही वेळ बधिर होते, परंतु कीड कणभरही मागे हटत नाही. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यावर आपल्या देशात १९९२पासून बंदी आहे. घरात भाजलेल्या मशेरीपर्यंत मात्र ती बंदी पोहोचत नाही, तिथे घरातल्या माणसांनीच राखण करायची असते. मशेरीशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही अशा अनेक स्त्रियांनी मला सांगितले आहे की, त्यांची सुरुवात लहानपणी एकदा दाढ दुखली तेव्हाच झाली होती. मशेरीची डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी आणि ती पुन्हा कोणत्याही कारणासाठी त्यांच्या तोंडात जाऊ देऊ नये, एवढी एक विनंती सासूबाईंना तुमच्या पतींनी स्वतः करावी. मुलाने आईला सांगणे आणि सुनेने सासूला सांगणे यांत फरक पडतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आता ‘पडणारच आहेत’ या युक्तिवादाकडे वळतो. दुधाचे दात वीस असतात, आणि त्यांतले पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षापासून पडू लागतात हे खरेच आहे. परंतु दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे तुमच्या मुलाची जी दाढ आज दुखते आहे, तिला अजून सहा-सात वर्षे भाकरी चावायची आहे. ती वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेकडे कलतात आणि खाली वाढत असलेल्या कायमच्या दाताची वाट अडते. पुढे वेड्यावाकड्या दातांना तारा लावायला जावे लागते, त्यातल्या काहींची सुरुवात इथे झालेली असते. शिवाय मुळाशी साचलेला पू खाली घडत असलेल्या कायमच्या दातालाही इजा करू शकतो. दाढ दुखणारे मूल एका बाजूने चावते, पोळी-भाजी टाळते, मऊ आणि गोडच मागते, रात्री दचकून उठते आणि चिडचिडे होते. घरचे त्याला हट्टी म्हणतात. सासूबाईंना हे सारे शास्त्र पटवत बसण्यापेक्षा ‘अजून सहा वर्षे त्याला याच दाढेने जेवायचे आहे’ एवढे एक वाक्य सांगितलेले अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

कीड या शब्दानेही आपली थोडी फसगत केली आहे. दातात कोणताही किडा शिरत नाही. तोंडातले जिवाणू आपण खाल्लेल्या साखरेवर जगतात आणि तिचे आम्ल करतात. ते आम्ल दाताच्या वरच्या कठीण आवरणातला खनिजाचा अंश विरघळवते. यावर लाळ हा निसर्गाने दिलेला उतारा आहे. खाणे थांबल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात लाळ ते आम्ल निवळवते आणि विरघळलेली खनिजे काही प्रमाणात दाताला परत मिळतात. ही झीज आणि भरपाई दिवसभर चालू असते, आणि दात टिकतो की किडतो हे या दोहोंत कोण वरचढ ठरते यावर अवलंबून असते. त्यामुळे साखर किती खाल्ली याच्या बरोबरीने, किंबहुना त्याहून जास्त, ती दिवसातून किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे. आणि झोपेत लाळ अगदी कमी होते. बाटली तोंडात धरून झोपलेल्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांभोवती गोड दुधाचे तळे रात्रभर साचून राहते आणि ते धुऊन काढायला लाळ नसते. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असतात, म्हणून ते बहुधा वाचतात. तुम्ही वर्णन केलेले डाग वरच्याच दातांवर आणि हिरडीलगतच का पडले, याचे उत्तर बहुधा त्या बाटलीत आहे.

म्हणून तुमच्या घरात सवयीची सुरुवात ब्रशपासून करू नये, रात्रीच्या बाटलीपासून करावी. दूध बंद करायचे नाही, त्याची वेळ आणि भांडे बदलायचे आहे. रात्रीच्या जेवणाबरोबर किंवा जेवण होताच, दिवा लागलेला असताना, मुलाला बसवून पेल्यातून दूध द्यावे. साखर आणि पावडर हळूहळू कमी करत पंधरा दिवसांत पूर्ण थांबवावी. त्यानंतर दात घासावेत, आणि घासल्यावर सकाळपर्यंत पाण्याखेरीज काहीही द्यायचे नाही, हा नियम घरातल्या सर्वांनी पाळावा. सव्वाचार वर्षांच्या मुलाला बाटलीची पोटासाठी गरज नसते. त्याला ती झोप येईपर्यंतच्या सोबतीसाठी हवी असते. ती सोबत दुसऱ्या रूपाने मिळाली नाही, तर तो बाटली सोडणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. त्याच्याजवळ आडवे व्हावे, पाठीवर थोपटावे, रोज एकच गोष्ट सांगावी लागली तरी तीच सांगावी. तुम्ही दोघे दमून घरी येता, याची मला जाणीव आहे. तरीही त्या पंधरा-वीस मिनिटांना पर्याय नाही. पहिल्या चार-पाच रात्री तो रडेल. त्या रात्रींत सगळ्यांचे एकमत टिकले पाहिजे, कारण तिसऱ्या रात्री कोणी दया येऊन बाटली दिली, तर पुरेसे रडले की बाटली मिळते एवढेच तो शिकेल. म्हणून हे काम सुट्ट्यांना जोडून सुरू करावे आणि लग्नकार्य, प्रवास किंवा आजारपण असलेला आठवडा टाळावा.

दात घासताना तो तोंड मिटून घेतो, याचा अर्थ लावताना घाई करू नये. किडलेल्या दाढेला ब्रश लागला, गार पाणी लागले, की कळ जाते. मुलाला ते शब्दांत सांगता येत नाही, म्हणून तो तोंड मिटतो. दाढेवर उपचार झाल्यावर हा विरोध पुष्कळसा मावळतो, असा माझा अनुभव आहे. तोपर्यंत कोमट पाणी वापरावे आणि दुखऱ्या बाजूला हलक्या हाताने, सर्वांत शेवटी जावे.

दात घासायचे कोणी, हा प्रश्न पालक क्वचितच विचारतात, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक इथेच होते. मूल तीन-चार वर्षांचे झाले की त्याच्या हातात ब्रश देऊन ‘जा, दात घासून ये’ असे सांगितले जाते. ज्या हाताला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही, त्या हाताला शेवटच्या दाढेची आतली बाजू घासता येणे शक्य नाही. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत दात मोठ्या माणसाने घासून द्यावेत. आधी मुलाने स्वतः घासावे, म्हणजे त्याचाही मान राहतो, आणि मग ‘आता माझी पाळी’ म्हणून तुम्ही घासावे. आरशापुढे समोरासमोर उभे राहून हे नीट जमत नाही. खाली चटईवर किंवा पलंगावर बसून मुलाचे डोके मांडीवर घ्यावे आणि वरून, त्याच्या डोक्यामागून तोंडात पाहावे. बाळाला तेल लावताना आपण जसे त्याला मांडीवर घेतो, तशीच ही पद्धत आहे आणि मुलांना ती ओळखीची वाटते. डाव्या हाताच्या बोटाने ओठ अलगद वर उचलावा, कारण पहिली कीड ओठाआड, हिरडीच्या कडेला लागते. ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ केसांचा असावा, तो हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर ठेवून छोटे-छोटे गोल फिरवावेत आणि चावण्याच्या पृष्ठभागावर मागे-पुढे चालवावा. रोज एकाच क्रमाने जावे आणि प्रत्येक ठिकाणी मोठ्याने दहा अंक मोजावेत. कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे मुलाला ठाऊक असले, की त्याची धास्ती कमी होते. सगळे मिळून दोन मिनिटे लागावीत, परंतु पहिल्या आठवड्यात अर्धेच मिनिट जमले तरी चालेल. खाडा मात्र होऊ देऊ नये.

हे काम रात्री घरातल्या एकाच ठरावीक माणसाने करावे. तुमच्या घरी ते तुमच्या पतींनी पत्करावे असे मी सुचवेन, कारण धाकटी त्या वेळी तुमच्या अंगावर असणार. सकाळचे घासणे त्या मानाने दुय्यम आहे. आपल्याकडे नेमका उलटा क्रम पाळला जातो, सकाळी दात घासल्याशिवाय चहा नाही आणि रात्री मात्र तसेच झोपायचे. दोन्ही वेळा घासणे उत्तमच. परंतु एखाद्या दिवशी एकच वेळ जमणार असेल, तर रात्रीची वेळ सोडू नये.

पेस्ट फ्लोराइडची असावी, कारण फ्लोराइड दाताची झालेली झीज भरून काढण्यास मदत करते. आपल्या देशात पेस्टमधील फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम (दर दहा लाख भागांत हजार भाग) आहे. लहान मुलांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते बरेच कमी असते, काहींत मुळीच नसते, म्हणून नळीवरचा मजकूर वाचून घ्यावा. मात्रा मात्र फार थोडी लागते. तीन वर्षांखालील बाळासाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नागमोडी पेस्ट लहान मुलासाठी कधीही घेऊ नये. पेस्ट मोठ्यांनीच लावून द्यावी आणि नळी उंचावर ठेवावी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मुळातच जास्त आहे. तिथल्या वाचकांनी, तसेच बोअरवेलचे पाणी पिणाऱ्या इतरांनी, पाण्याची तपासणी करून घेऊन दंतवैद्यांच्या सल्ल्याने पेस्ट निवडावी. राखुंडी, कोळशाची पूड आणि खरखरीत लाल मंजन मुलांसाठी वापरू नये, त्याने आवरण घासले जाते.

इथे सासूबाईंची एक गोष्ट मी आवर्जून उचलून धरेन. जेवण झाले की खळखळून चूळ भरायची, ही आपल्या जुन्या माणसांची शिस्त फार चांगली आहे, आणि दिवसभर मुलाजवळ त्याच असल्यामुळे ती त्यांनीच लावावी. प्रत्येक खाण्यानंतर, विशेषतः बिस्कीट, केळे, चिक्की किंवा दूध-पोळी झाल्यावर, नातवाला बेसिनपाशी नेऊन चूळ भरायला लावणे हे काम त्यांच्याकडे सोपवावे. फक्त पेस्टने दात घासल्यानंतर खळखळून चूळ भरू नये, फेस थुंकून टाकावा आणि तसेच राहू द्यावे, नाहीतर दातांवर राहिलेले फ्लोराइड लगेच धुऊन जाते.

खाऊविषयी फार लांबवत नाही. दिवसभर हातात बिस्किटाचा पुडा असणे हे एका वेळी लाडू खाण्यापेक्षा दातांना अधिक घातक आहे. गोड द्यायचे असेल तर जेवणाबरोबर द्यावे, आणि मधल्या वेळी शेंगदाणे नीट चावून खाण्याएवढे मूल मोठे होईपर्यंत फळ, चीज, उकडलेले अंडे, थालीपीठ, उपमा असे काही द्यावे. गूळ आणि मध साखरेपेक्षा निर्दोष आहेत, अशी समजूत आहे. दातांच्या दृष्टीने त्यांत फरक नाही. खोकल्याची गोड औषधे आणि होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्याही याच हिशेबात धराव्यात आणि झोपण्यापूर्वी द्याव्या लागल्याच, तर त्यानंतर दात घासावेत.

डॉक्टरांच्या सुईची भीती आजपासून पूर्ण थांबवावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. दाढेवर उपचार करताना कदाचित खरोखरच बधिरतेचे इंजेक्शन द्यावे लागेल, आणि ज्या माणसाचे नाव शिक्षा म्हणून ऐकले, त्याच्यापुढे तोंड उघडून बसणे कोणत्याही मुलाला अवघड जाईल. ‘काही दुखणार नाही’ असे खोटे आश्वासनही देऊ नये. ‘डॉक्टर तुझे दात मोजणार आहेत, मी शेजारी बसणार आहे’ एवढे सांगणे पुरेसे आहे. भेट सकाळच्या वेळी, मुलाची झोप आणि खाणे झालेले असताना ठेवावी. तिथे तुम्हाला काही पर्याय सांगितले जातील. नसेपर्यंत गेलेल्या दुधाच्या दाढेवरही उपचार करून वर स्टीलची कॅप बसवता येते. दाढ काढावीच लागली, तर तिची जागा राखणारी पट्टी बसवण्याबाबत विचारावे. पुढच्या दातांवरची कीड वरवर असेल, तर ती तिथेच थांबवणारे चांदीयुक्त फ्लोराइडचे औषध आहे. त्याने किडलेला भाग कायमचा काळा दिसतो, हे आधी समजून घेऊन होकार द्यावा. खर्चाची अडचण असेल, तर जवळच्या दंत महाविद्यालयात बालदंतविभाग असतो. २०१३मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुलांची तपासणी होते, तीत दातही पाहिले जातात; धाकटीचे नाव अंगणवाडीत असेल, तर त्या दिवशी तिला जरूर न्यावे.

धाकटीसाठी तुमच्या हाती मोठी संधी आहे. अंगावरचे दूध थांबवण्याचे कारण नाही; दोन वर्षे आणि त्यापुढेही ते देता येते. परंतु आता ती वरचे अन्नही खाते, म्हणून रात्री झोपण्यापूर्वी तिचे आठही दात तांदळाएवढ्या पेस्टने घासून द्यावेत आणि रात्रभर स्तन तोंडात राहणार नाही, ती झोपली की अलगद बाजूला करता येईल, असे पाहावे. तिला बाटलीची ओळखच करून देऊ नये, थेट पेल्याची सवय लावावी. आठवड्यातून एकदा उजेडात ओठ वर करून पाहावे. हिरडीलगत खडूसारखा पांढरा, निस्तेज पट्टा दिसला, तर ती किडीची पहिली पायरी असते, आणि त्या पायरीवरून दात परत फिरू शकतो. दंतवैद्य तिथे फ्लोराइडचा लेप लावतात आणि तो ठरावीक महिन्यांनी पुन्हा लावावा लागतो. तिची पहिली तपासणी खरे तर पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हायला हवी होती, म्हणून दादाच्याच भेटीत तिलाही बरोबर न्यावे. तिच्या वाटीतले अन्न गार आहे का हे पाहण्यासाठी चमचा आपल्या तोंडात घालून तोच तिला देण्याचे टाळावे, कारण मोठ्यांच्या तोंडातले किडीचे जिवाणू त्याच वाटेने बाळाकडे जातात. तुमच्या आणि पतींच्या दातांत कीड असेल, तर तीही याच निमित्ताने भरून घ्यावी.

आणि मुलगा सहा वर्षांचा होत आला, की त्याच्या शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे बॅटरीच्या उजेडात पाहत राहावे. तिथे एकही दात न पडता, गुपचूप, चार नव्या दाढा येतात. दुधाचा कोणताच दात पडलेला नसल्यामुळे पालक त्यांना दुधाच्याच समजतात, परंतु त्या कायमच्या असतात. त्या पूर्ण वर येईपर्यंत शेजारच्या दातांपेक्षा खाली राहतात आणि ब्रश त्यांच्या वरून निघून जातो, म्हणून तिथे ब्रश आडवा धरून वेगळे घासावे लागते. त्यांच्या पृष्ठभागावरच्या खोल खाचा कीड लागण्यापूर्वीच भरून बंद करता येतात. त्या दाढा दिसू लागताच दंतवैद्यांना त्याविषयी विचारावे.